धुऱ्यावरचा लिंब

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, परवा तुम्ही विचारलं, "तुमी लोकं निंबोळीतलं औषध लॅबमंदी बनवता ना, मंग धुऱ्यावरचा लिंब ठेकेदाराले तोडाले देल्ला तं काय बिघडते?" तेवढ्यात रेंज गेली, म्हणून लिहितेय.

अळी पान खायचं सोडते, तिला कात टाकता येत नाही, ते निंबोळीतल्या अझाडिरॅक्टिनमुळे. 1968 साली ते निंबोळीतून वेगळं काढलं. त्याची नेमकी रचना कळायलाच 1985 उजाडलं. केंब्रिजच्या स्टीव्हन ले यांच्या गटाने ते प्रयोगशाळेत घडवलं 2007 मध्ये, 22 वर्षांच्या खटपटीनंतर. सत्तरेक पायऱ्या! दर पायरीला 80 टक्के माल टिकला, तरी 100 ग्रॅमचे दहाव्या पायरीला जेमतेम 11 ग्रॅम उरतात. पुढचा हिशोब तुम्हीच करा. आम्हा केमिस्ट्रीवाल्यांना त्याचं भारी कौतुक, पण कपाशीवर फवारायला ते कोण देणार? दुकानातल्या बाटलीतलंही निंबोळीतूनच काढलेलं असतं. तेव्हा ठेकेदाराला नाही म्हणा.

निंबोळ्या सावलीतच वाळवा, बुरशी लागू देऊ नका. 5 किलो कुटून रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी गाळून साबणाचं पाणी घाला आणि सगळं मिळून 100 लिटर करा. फवारणी त्याच दिवशी, पण ऊन उतरल्यावर. उन्हात ते लवकर निकामी होतं. दुसऱ्या दिवशी अळ्या वळवळताना दिसल्या म्हणून बोगस ठरवू नका, त्या हळूहळू मरतात. गुलाबी बोंडअळी एकदा बोंडात शिरली की मात्र याचा उपयोग नाही.

माझं स्वतःचं काम कपाशीच्या पऱ्हाटीवर आहे. जी तुम्ही चुलीत घालता, तिच्यातलं सेल्युलोज काढून मी पातळ पापुद्रे करते. सध्या तरी हातात घेतले की तुटतात, त्यामुळे गावात सांगत फिरू नका. आणि हो, तो वावरात अंथरायचं प्लास्टिक विकणारा मल्चिंगवाला "मक्यापासून बनवलेलं, मातीत कुजते" म्हणतो, त्याला विचारा कशात कुजते. पीएलए, म्हणजे मक्यापासूनचं प्लास्टिक, असेल तर त्याला 60 अंशांच्या आसपास तापलेलं कंपोस्ट लागतं. आपल्या वावरात ते वर्षानुवर्षं तसंच पडून राहील.

आई, अर्क गाळायला बाबांना जुनं लुगडं दे. पिठाची चाळणी लपवून ठेव.

तुमची,
बेबी