टेबल सॉचा फेन्स तिरपा, नाईफ जाड, आणि तुमचा माणूस म्हणतो नाईफ काढून टाका

कस्टमर केअर, नमस्कार.

मी नागपूरला मानेवाड्यात राहतो. घरामागच्या शेडमध्ये हळूहळू सुतारकामाचं वर्कशॉप उभं करून राहिलो, रंधा, पटाश्या, क्लॅम्प जमवले, लकडगंजातून बल्लारशाचं सागवान आणून ठेवलं आणि मग तुमची 10 इंची टेबल सॉ (टेबलात बसवलेली गोल करवत) 38,500 रुपयांना घेतली.

फेन्स, म्हणजे फळी टेकवून सरकवायची बाजूची सरळ कड, लॉक केला, ब्लेडच्या एकाच दाताला खूण केली, तो पुढे आणून फेन्सपर्यंतचं अंतर मोजलं तर 100 मिमी, तोच दात मागे फिरवून मोजलं तर 98. ब्लेड माइटर स्लॉटला (टेबलातल्या सरळ खाचेला) समांतर आहे, ते आधीच तपासलं, म्हणजे दोष फेन्सचाच. स्क्रू ढिले करून सेट केला तरी लॉकचा दांडा दाबला की मागचं टोक परत आत सरकते. तुमच्या इंजिनिअरला 2 मिमी किरकोळ वाटत असतील, पण लाकूड तिथेच चेपतं, आणि ब्लेडचे मागचे दात खालून वर येत असतात ते फळी उचलून सरळ चालवणाऱ्याच्या अंगावर फेकतात. 4800 आरपीएमला हे दात सेकंदाला 60 मीटरच्या वर पळतात हो!

आता रायव्हिंग नाईफ. लाकडातला ताण सुटला की कापलेली चीर मिटायला लागते, ती उघडी ठेवायलाच ब्लेडच्या मागे ही पट्टी असते, म्हणून पट्टी ब्लेडच्या पत्र्यापेक्षा जाड पण कापापेक्षा, म्हणजे चिरेच्या रुंदीपेक्षा, बारीक पाहिजे. तुमच्या ब्लेडचा काप 2.6 मिमी आणि नाईफ 3 मिमी. फळी नाईफपाशी येऊन अडकते, पुढे जातच नाही.

फोन केला तर तुमचा माणूस म्हणतो, "सर नाईफ काढून चालवा, सगळे तसंच चालवतात." राग मला याचाच आला. पार्ट चुकीचा येऊ शकते, पण किकबॅक, म्हणजे फळी अंगावर फेकली जाणं, अडवणारी वस्तूच काढा असं कंपनीनं कसं काय सांगावं? माझा मुलगा बाजूला उभा राहून शिकतो, उद्या दुसऱ्या कोणी नवशिक्यानं तुमचं ऐकलं तर?

मला सरळ लॉक होणारा फेन्स आणि या ब्लेडला बसणारी नाईफ पाठवा, नाहीतर मशीन तुमच्या खर्चानं उचलून न्या आणि पूर्ण पैसे परत करा. फोनवर हा सल्ला देणं आजपासून बंद करा. उत्तर 15 दिवसांत लेखी पाहिजे. नाही आलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार करीन आणि मग नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन, 2019 च्या कायद्यानं राहत्या जिल्ह्यात केस टाकता येते आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी पण नाही.

बिल, व्हर्नियरचं रीडिंग दिसणारे फोटो आणि फेन्स सरकतानाचा व्हिडिओ सोबत जोडला आहे.