अंदाजपत्रक कमाईकडे पाहून निवडा

महोदय,

एप्रिल आला की ‘५०-३०-२०’चा सल्ला फिरू लागतो: निम्मा पगार गरजांना, ३० टक्के हौसेला, २० टक्के बचतीला. हातात ४० हजार येणाऱ्याचे १६ हजार घरभाड्यातच गेले, तर किराणा, वीजबिल, लोकलचा पास आणि औषधे धरून गरजा ७० टक्क्यांवर सहज पोहोचतात. त्याने ७०-१५-१५ धरावे; सूत्र काही कायदा नव्हे.

रिक्षाचालक, शिकवणी घेणारे यांना टक्केवारी उपयोगाचीच नाही. त्यांनी मागच्या १२ महिन्यांतल्या सर्वांत कमी कमाईवर घरखर्च बसवावा आणि वरचे पैसे मंदीच्या महिन्यांसाठी वेगळे ठेवावेत.

यूपीआयवर हात सैल सुटत असेल, तर जुनी पाकीट पद्धत (खर्चाची ठरलेली रोकड पाकिटात ठेवायची आणि तेवढीच खर्चायची) दुसऱ्या बचत खात्यावर चालवता येते. यूपीआयला तेवढेच खाते जोडायचे आणि दर सोमवारी ठरलेली रक्कम त्यात टाकायची. महिन्याची एकदम टाकली, तर वीस तारखेलाच खडखडाट. यूपीआय लाइट (लहान खर्चांसाठी अॅपमध्ये आधीच पैसे भरून ठेवण्याची सोय) वापरणाऱ्यांच्या पासबुकात मात्र फक्त भरलेली रक्कम दिसते, एकेक चहा-वडापाव नाही. तो हिशेब अॅपमध्येच पाहावा लागतो.

पद्धत कोणतीही असो, ती बहुधा वार्षिक खर्चांवर आपटते. विमा १८ हजार, शाळेची फी २४ हजार, दिवाळी १२ हजार: एकूण ५४ हजार, म्हणजे दरमहा साडेचार हजार. हे पैसे आवर्ती ठेवीत अडकवू नयेत. तिन्ही खर्चांच्या तारखा वेगळ्या असतात आणि ठेव मुदतीआधी मोडली की व्याज कमी मिळते.

– एक वाचक, डोंबिवली