नॉबच्या पाकिटावर दात्यांचा आकडा छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पिंपरी-चिंचवडच्या एका कारखान्यातल्या टूलरूममधून मी निवृत्त झालो. आता घरी गिटार दुरुस्त करतो. इलेक्ट्रिक गिटारचे व्हॉल्यूम-टोनचे नॉब घेऊन मुले येतात. बहुतेकांनी ते ऑनलाइन मागवलेले असतात. पाकिटावर ‘सर्व गिटारना चालतो’ एवढेच असते, माप कुठेच नाही. आमच्याकडे माप नसलेले ड्रॉइंग कुणी हातातही धरत नसे.

सर्व गिटारना चालेल असा नॉब नसतोच. नॉबखाली पॉट असतो, म्हणजे आवाज किंवा टोन कमीजास्त करणारा फिरता भाग. त्याचा दांडा दोन प्रकारचा असतो. एक भरीव, गुळगुळीत. टेलिकास्टर गिटारचे धातूचे नॉब त्यावर बसतात आणि बाजूच्या बारीक स्क्रूने आवळले जातात. दुसरा मधोमध चिरलेला, बाहेरून दाते पाडलेला. स्ट्रॅटोकास्टरचे प्लास्टिकचे नॉब त्यावर नुसते दाबून बसवतात. अमेरिकी मापाचा भरीव दांडा पाव इंची, म्हणजे 6.35 मिलिमीटर; मेट्रिक मापाचा 6. दातेरी दांड्याला अमेरिकी मापात 24 बारीक दाते, मेट्रिकमध्ये 18 जाड. जाडी जवळपास सारखी, त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी फसायला होते. 24 चा नॉब 18 वर सैल फिरतो आणि 18 चा नॉब 24 वर उतरतच नाही. मग हातोडी निघते.

अलीकडेच असा ठोकून बसवलेला नॉब माझ्याकडे आला. 7 च्या आकड्यापासून खालपर्यंत केसाएवढी चीर. पिकगार्ड, म्हणजे गिटारवरची प्लास्टिकची पट्टी, उघडला तर पॉटचे झाकण धरून ठेवणाऱ्या पत्र्याच्या पाकळ्या उचकटलेल्या, आतली कार्बनची पट्टी उघडी. नॉब स्वस्तातला, पण पॉट बदलायचा म्हणजे सगळ्या वायरी सोडवून पुन्हा सोल्डर करायच्या.

घरी नॉब बदलणाऱ्यांना माझी विनंती आहे. जुना नॉब स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका, खालचा रंग उडतो. पातळ सुती कापड नॉबखालून फिरवा आणि दोन्ही टोके धरून सरळ वर ओढा. मग भिंग घेऊन दांड्याच्या एका फाकेवरचे दाते मोजा आणि दुप्पट करा. आकडा 18 च्या जवळ आहे की 24 च्या, ते लगेच कळते. नॉब थोडाच सैल असेल तर चिरेत पातळ पाते घालून फाका किंचित रुंदावता येतात. जोर लावलात तर फाक मुळाशी तुटेल. नळवाले वापरतात त्या टेफ्लॉन टेपचा एखादा वेढाही चालतो. भरीव दांडा 6 चा आणि नॉब पाव इंची असेल तर मधे घालायची पितळी स्लीव्ह मिळते. घट्ट नॉब मात्र परतच करा.

आता विक्रेत्यांबद्दल. पॅकबंद वस्तूंसाठी 2011 चे वैधमापन नियम आहेत. जिथे वस्तूचा आकार महत्त्वाचा, तिथे तिची मापे पाकिटावर दिली पाहिजेत, असे त्यात आहे. 2018 पासून ऑनलाइन विक्री करणाऱ्यांनाही सक्तीचे तपशील स्क्रीनवर दाखवावे लागतात. नॉबच्या बाबतीत महत्त्वाचे माप म्हणजे आतले भोक. बाहेरची उंची-रुंदी सांगून गिऱ्हाइकाचे काम होत नाही. दांडा भरीव की दातेरी, भोकाचा व्यास किती आणि दाते किती, या तीन गोष्टी एका ओळीत मावतात. राज्याच्या वैधमापन यंत्रणेने विक्रेत्यांना त्या छापायला लावाव्यात.

पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानदारांनी तर पाकिटाची वाटही पाहू नये. 18 आणि 24 दात्यांचा एकेक जुना पॉट काउंटरवर ठेवावा आणि गिऱ्हाइकाला नॉब त्यावर लावून बघू द्यावा.

आपला,
एक वाचक, चिंचवड