आईला हात लावण्याआधी विचारणाऱ्या सिस्टरांना

प्रिय सिस्टर,

सप्रेम नमस्कार.

नाव कुठे लिहू नका, असं तुम्ही बजावलं होतं, म्हणून लिहीत नाही. रुग्णालयाचंही घेत नाही. पत्र मात्र मुद्दाम उघड लिहितेय. डिस्चार्जच्या दिवशी केसपेपर, औषधं, रिक्षा या गडबडीत मी नुसतं 'थँक्यू' म्हटलं, आणि तुम्ही 'अहो, कामच आहे आमचं' म्हणून पुढच्या खाटेकडे वळलात. ते वाक्य माझ्या मनात राहिलं, कारण ते खरं आहे. तुम्ही केलंत ते काम होतं. शिकून, ठरवून, वहीत लिहून केलेलं. माणसं त्याला 'सिस्टर स्वभावाने प्रेमळ' म्हणतात आणि विषय संपवतात. तुम्ही प्रेमळ आहातच. पण मला आभार मानायचेत ते कामाचे.

आई किल्लारीच्या बाजूची. ३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचं विसर्जन उरकून सगळी गावं झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. आमच्याकडची घरं जाड दगडी भिंतींची, दगड चिखलात बसवलेले, वर मातीचं माळवद. घरात गारवा राहावा म्हणून पिढ्यान्‌पिढ्या वर मातीचे थर चढलेले. ते सगळं ओझं झोपलेल्या माणसांवर आलं. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून जवळपास आठ हजार माणसं गेली. त्यात माझा धाकटा भाऊ होता. आई त्याच्या शेजारी होती, तुळईखाली दोन्ही हात अडकलेल्या अवस्थेत. तिला बाहेर काढलं तेव्हा दुपार झाली होती. मी त्या रात्री आजोळी होते. याहून जास्त घरात कुणालाच माहीत नाही, कारण आई त्यावर कधी बोललीच नाही. पत्र्याच्या शेडमध्ये राहिली, मग पुनर्वसनातल्या घरात, शेत केलं, मला शिकवलं. उशाशी बॅटरी आणि दाराला कडी न लावणं, एवढंच काय ते दिसायचं.

बाबा गेले आणि तिची झोप गेली. जेवण तुटलं. रात्री उठून दाराकडे धावायची. आम्ही तिला एका खाजगी मनोरुग्ण रुग्णालयात नेलं. तिथे दाखल करताना डॉक्टरांनी नीट सगळं विचारलं होतं, मी भूकंपाचंही सांगितलं, आणि त्यांनी ते केसपेपरवर लिहूनही घेतलं. नातेवाइकांना रात्री थांबता येत नव्हतं. सकाळी गेले तर आईचे दोन्ही हात गॉजच्या पट्ट्यांनी खाटेच्या दांड्याला बांधलेले. रात्री फार दंगा केला, इंजेक्शन घेऊ देईना, स्टाफ कमी होता, असं सांगण्यात आलं. मनगटं सुजली होती. तिने माझ्याकडे पाहिलं, पण ओळखलं नाही. भूकंपाची नोंद कागदावर होती. तो कागद खाटेच्या पायथ्याशीच लटकत होता.

म्हणून तुमच्या वॉर्डात आले तेव्हा मी भांडायच्याच तयारीने आले होते.

तुम्ही आईच्या समोर आलात, बाजूने किंवा मागून नाही, आणि विचारलंत, 'काय म्हणून हाक मारू तुम्हाला?' ती बराच वेळ गप्प होती. तुम्ही थांबलात. मग ती म्हणाली, 'काकू म्हण.' पुढचा प्रश्न, 'काकू, बीपी बघायचंय. पट्टा हाताला आवळेल, थोडा वेळच, मग सुटेल. कुठला हात देता?' आईने डावा हात पुढे केला. अनेक दिवसांत तिने आपणहून केलेली ती पहिली गोष्ट होती. तुम्हाला भूकंपाचं तोवर कुणीही सांगितलं नव्हतं.

मी सांगायला लागले तर तुम्ही हलकेच थांबवलंत. 'ते डॉक्टरांना सांगा. मला एवढंच सांगा, त्यांना कशाची भीती वाटते आणि कशाने बरं वाटतं.' इतक्या दवाखान्यांत फिरले, हा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता. मी सांगत गेले: हात धरलेला चालत नाही, बंद दार चालत नाही, अंधार चालत नाही, जमिनीतून घरघर आली की थरथरते. तुम्ही खाट दाराजवळची दिली. रात्री पॅसेजमधला दिवा चालू ठेवायला सांगितलात. ऑक्सिजनच्या सिलिंडरची ट्रॉली फरशीवरून जाते तेव्हा खालून जो आवाज येतो, तो मला कधी जाणवलाही नव्हता. तुम्ही मात्र वॉर्डबॉय मामांना सांगून ठेवलंत, की ट्रॉली आणायच्या आधी काकूंना आवाज द्या.

आणि ती रात्र. शेजारच्या वॉर्डात काहीतरी जड पडलं, त्याच वेळी लाइट गेली. आई किंचाळत उठली, सलाइन ओढून काढलं, हाताला रक्त. मामा धावत आले, पकडायच्या बेतात होते. तुम्ही हात करून त्यांना मागे थांबवलंत. वॉर्डातल्या आया मावशींना दार पूर्ण उघडायला लावलंत. मोबाइलचा टॉर्च आईच्या तोंडावर न धरता छताकडे धरलात आणि चार हात लांब, चक्क फरशीवर बसलात. 'काकू, मी सिस्टर. हा दवाखाना आहे. लाइट गेलीय, जनरेटर सुरू होतोय, त्याचा आवाज येईल. दार उघडं आहे, बघा. तुमची लेक इथेच आहे. पाय फरशीला टेकवून बघा, गार लागते का?' तेच, त्याच आवाजात, पुन्हा पुन्हा. आईने पाय टेकवले. 'गार आहे,' म्हणाली. नंतर हाताला पट्टी करायची का, हेही तुम्ही विचारलंत, आणि ती 'आत्ता नको' म्हणाली तर स्वच्छ कापूस तिच्याच हातात दिलात. थोड्या वेळाने तिने स्वतः हात पुढे केला. त्या रात्री इंजेक्शन लागलं नाही.

घरी आल्यावर मी वाचत बसले, कारण मला समजून घ्यायचं होतं. मोठ्या आघातातून गेलेल्या माणसाच्या शरीरात ती आठवण गोष्टीसारखी, सुरुवात-शेवटासह साठतेच असं नाही. ती स्पर्शात, आवाजात, वासात राहते, आणि तसाच स्पर्श किंवा आवाज आला की विचार पोचण्याआधी शरीर झुंजायला किंवा पळायला लागतं. त्या झुंजीला वॉर्डात 'पेशंट व्हायोलंट आहे' म्हणतात, पकडतात, बांधतात. पकडल्याने शरीराची खात्रीच पटते की तेच पुन्हा होतंय. अमेरिकेत मॅक्सीन हॅरिस आणि रॉजर फॅलट यांनी २००१ मध्ये मांडलं, की सेवा देणाऱ्या संपूर्ण यंत्रणेनेच ही जाण ठेवून काम करायला हवं. नुसत्या समुपदेशनाच्या खोलीत ते होऊन चालणार नाही. दार, दिवा, रांग, पहिला प्रश्न, सफाई करणारी व्यक्ती, सगळं त्यात आलं. याला ट्रॉमा-इन्फॉर्म्ड केअर म्हणतात. एक गोष्ट मला फार पटली: यासाठी पेशंटची कहाणी माहीत असावीच लागत नाही. समोरच्यावर काहीतरी गुदरलं असू शकतं एवढं धरून सगळ्यांशीच तसं वागायचं. पहिल्या ठिकाणी कहाणी माहीत होती आणि हात बांधले गेले. तुम्हाला कहाणी माहीत नव्हती आणि तुम्ही विचारलंत, कुठला हात देता.

कायदाही वाचला. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा तुम्हाला पाठ असेल, मला नव्हता. त्यात बांधून ठेवण्याबद्दल स्वतंत्र कलम आहे, ९७ वं. तातडीची इजा टाळायला दुसरा कुठलाच मार्ग नसेल तरच, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने, अगदी गरजेपुरतंच. शिक्षा म्हणून नाही, आणि स्टाफ कमी आहे एवढ्या कारणावरून तर नाहीच. का बांधलं, कसं, किती वेळ, याची नोंद ठेवायची. साखळीने बांधायला सरसकट मनाई आहे. तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली तेव्हा साखळदंडात असलेल्या २८ मनोरुग्णांना पळता आलं नाही, हे या देशाला माहीत आहे. तरीही गॉजची पट्टी कुणाला साखळी वाटत नाही. मऊ असते ना.

पण स्टाफ खरंच कमी असतो, हे मी तुमच्या वॉर्डात सोबत राहून पाहिलंय. रात्रपाळीला तुम्ही एकट्या, मावशी एक, खाटा भरलेल्या आणि खाली गाद्याही. अशा वेळी 'थांबून विचारा' म्हणणं बाहेरून सोपं आहे. तुम्हाला दोन वेळा जेवणाचा डबा न उघडताच परत नेताना पाहिलंय. म्हणून जे कुणी प्रशासनातले हे वाचत असतील त्यांना सांगते: सिस्टरच्या चांगुलपणावर वॉर्ड चालवू नका. माणसं भरा. मावशींना आणि मामांनाही प्रशिक्षण द्या, कारण रात्री पेशंटला पहिला हात त्यांचाच लागतो.

आता ज्यासाठी हे पत्र आहे ते. तुमची ड्युटी बदलली त्या दिवशी मी धास्तावले होते. नवीन सिस्टर आल्या, समोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, 'काकू, बीपी बघू? कुठला हात?' मला कळेना. मग त्यांनीच हँडओव्हरच्या वहीतली तुमची नोंद दाखवली. औषधं आणि बीपीच्या आकड्यांखाली लिहिलेलं होतं: 'झोपेत स्पर्श करू नये. समोरून येऊन "काकू" अशी हाक मारावी. हात धरू नये, मागावा. दार उघडे, पॅसेजचा दिवा चालू. नको म्हणाल्या तर दहा मिनिटांनी पुन्हा विचारावे. मोठा आवाज होणार असेल तर आधी सांगावे. मुलगी सोबत असते.' भूकंपाचा उल्लेख नाही, भावाचा नाही. आईचं दुःख तुम्ही कुणाच्याही पुढ्यात टाकलं नाहीत, आणि तरी तिन्ही पाळ्यांत तिला जे हवं ते मिळत राहिलं. एखादी चांगली सिस्टर नशिबाने भेटते, असं मी समजत होते. तुमच्या त्या सहा ओळींमुळे ते नशिबावर राहिलं नाही. त्या ओळींबद्दल तुमचे मनापासून आभार.

आई आता बरी आहे. गोळ्या चालू आहेत, झोप तुकड्या-तुकड्याने का होईना लागते. भावाबद्दल ती अजूनही बोलत नाही, आणि मी विचारतही नाही. पुढच्या महिन्यात तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. त्यात तोंडावर कापड टाकतात आणि हलू देत नाहीत, हे कळल्यावर तिने नकोच म्हटलं होतं. मी तुमच्या नोंदीतल्या गोष्टी एका कागदावर उतरवून डोळ्यांच्या डॉक्टरांना दिल्या. त्यांनी त्या शांतपणे वाचल्या आणि आईलाच विचारलं. ठरलंय असं: कापड टाकण्याआधी सांगायचं, नाकापाशी ते उचलून धरायचं, हात मोकळे ठेवायचे, आणि थांबावंसं वाटलं तर तिने हातातला रबरी चेंडू दाबून वाजवायचा. चेंडू आणलाय. ती रोज वाजवून बघते.

ऑपरेशननंतर तुम्हाला भेटायला यायचं म्हणते. तुमची दिवसपाळी कधी असते तेवढं कळवा.

तुमची,
काकूंची मुलगी