वडगावच्या मामांना: कॅलेंडरच्या पाठीवरच्या मुंबईबद्दल

तीर्थस्वरूप मामांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुमच्या घरी येऊन आभार मानायला मी दोनदा आले. दोन्ही वेळा तुम्ही "आधी चहा घे की" म्हणून विषय बदललात आणि मामींनी कुंद्याचा डबा होता तसा माझ्या पिशवीत परत घातला. म्हणून आता लिहितेय, आणि चारचौघांनी वाचावं असंच लिहितेय. बेळगाव, खानापूर, निपाणीकडून कुणी ना कुणी पेशंट घेऊन मुंबईला जातच असतं. प्रत्येकाच्या गल्लीत बत्तीस वर्षं बेस्टमध्ये कंडक्टरकी केलेले मामा नसतात.

आईला परळच्या टाटा हॉस्पिटलला न्यायचं ठरलं ते २०२४ च्या मे महिन्यात. घशाचं दुखणं. घरात कुणाला काही सुचत नव्हतं. राहायचं कुठं, या प्रश्नावर ज्याला विचारलं त्याने आधी एकच विचारलं, बजेट किती? आम्हीही तसंच शोधत बसलो. धाकट्या भावाने मोबाइलवर अंधेरीचं एक लॉज काढलं. खोलीचे फोटो स्वच्छ, भाडं परवडण्यासारखं, आणि खाली लिहिलेलं, स्टेशन सहाशे मीटर. अंधेरीहून दादरला लोकल थेट जाते, मग अडचण काय, असं वाटलं.

रात्रभर बसमधून जाऊन सकाळी सहाला लॉजच्या दारात उभे राहिलो, तेव्हा कळलं की खोली दुपारी बाराला मिळते. आधी हवी असेल तर अर्ध्या दिवसाचे पैसे वेगळे. आई बॅगेवर बसून राहिली. सहाशे मीटर खरेच होते, पण पक्षी उडतो तसे. मधून रेल्वेचे रूळ गेलेले, आणि पूल पार पलीकडच्या टोकाला. पुलाच्या पायऱ्या आई दोन-दोन चढून थांबायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठची चर्चगेट फास्ट पकडली. आई आणि मी लेडीज डब्यात, भाऊ जनरलमध्ये. वांद्र्याला अजून गर्दी चढली. दादर आलं तेव्हा दार दिसत होतं, पण आमच्या आणि दाराच्या मध्ये इतक्या बायका होत्या की आईला धरून तिथवर पोचणंच झालं नाही. एक बाई ओरडली, "दादरला उतरायचं तर वांद्र्यापासून पुढे यायचं असतं!" तिचंही बरोबर होतं. गाडी थांबली ती एकदम मुंबई सेंट्रलला. आईने माझा हात इतका घट्ट धरला होता की तिच्या बांगडीचा वळ माझ्या मनगटावर उठला. तिकडे भाऊ दादरच्या प्लॅटफॉर्मवर आम्हाला शोधत होता. परत उलट येऊन हॉस्पिटलच्या रांगेत लागलो तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. चार दिवसांत आईचं जेवढं वजन उतरलं, त्याला आजार जेवढा कारण होता तेवढीच ती रोजची जा-ये होती, असं मला आजही वाटतं.

आम्ही परत आल्याचं कळल्यावर तुम्ही आईला बघायला आलात. हे सगळं ऐकल्यावर कुणालाही दोष दिला नाहीत. भिंतीवरच्या कॅलेंडरचं मे महिन्याचं पान काढून घेतलंत, उलटं केलंत आणि माझ्या मुलाच्या कंपासपेटीतलं पेन मागितलंत.

"बजेट नंतर बघूया. रोज सकाळी किती वाजता कुठं पोचायचंय, ते सांग आधी."

एवढं एक वाक्य. मामा, हा प्रश्न तोवर कुणी विचारलाच नव्हता, आणि आम्हालाही स्वतःला विचारायचं सुचलं नव्हतं.

मग तुम्ही कागदावर एक लांबट दोडका काढलात. खाली टोकाला कुलाबा, वर दहिसर. त्यावर दोन रेघा, एक पश्चिम रेल्वेची, एक मध्य रेल्वेची, आणि दोन्ही जवळ येतात तिथं दादर. "सकाळी सगळी मुंबई खाली जाते, संध्याकाळी वर येते. पेशंट घेऊन त्या लोंढ्यात शिरायचंच नाही. एक तर हॉस्पिटलच्या पायथ्याशी राहा. जमलं नाही, तर हॉस्पिटलच्या खालच्या अंगाला राहा, भायखळ्याकडं. सकाळी तिथनं वर येणाऱ्या गाडीत बसायला जागा मिळते." ज्या दोन स्टेशनांमधलं अंतर आम्ही किलोमीटरमध्ये मोजत होतो, ते तुम्ही गर्दीच्या दिशेने मोजायला शिकवलंत.

दुसरी गोष्ट पूर्व-पश्चिमेची. आपल्याकडे टिळकवाडीत फाटक ओलांडलं की झालं. तिथं पत्त्यात पूर्व की पश्चिम हे वाचल्याशिवाय पैसे भरायचे नाहीत, कारण मध्ये रूळ आहेत आणि पूल कुठं आहे ते फोटोत दिसत नाही. टाटा, केईएम, वाडिया ही तिन्ही हॉस्पिटलं परळच्या पूर्वेला. पश्चिम रेल्वेने प्रभादेवीला उतरलं तर रूळ ओलांडून पूर्वेला यावं लागतं, आणि फास्ट गाडी प्रभादेवीला थांबतच नाही. हे सगळं तुम्ही पेनाच्या टोकाने दाखवलंत.

आणि तिसरं, ज्यासाठी मी तुमचे पाय धरायला हवेत, ते पावसाचं. आमची पुढची तारीख जुलैतली होती. मी दादर पूर्वेची खोली बघितली होती, हॉस्पिटलला टॅक्सीने दहा मिनिटं. तुम्ही दादर आणि परळच्या मध्ये आंबेडकर रोडवर एक गोल काढलात आणि तो पेनाने गिरवत राहिलात, कागद फाटेपर्यंत. हिंदमाता. "मुंबई म्हणजे मुळात सात बेटं. परळ त्यातलंच एक. मधल्या खाड्या बुजवून शहर जोडलंय, म्हणून सखल भाग सखलच राहिला. मोठा पाऊस आणि समुद्राला भरती एका वेळेला आली की गटाराचं पाणी समुद्र घेत नाही. मग ते हिंदमाताला साठतं. हल्ली जमिनीखाली टाक्या बांधल्यात, पाणी लवकर ओसरतं म्हणतात. पण तू पेशंट घेऊन त्याची परीक्षा बघू नकोस." २६ जुलै २००५ ला, सांताक्रुझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला त्या दिवशी, तुम्ही बस सोडून कमरेएवढ्या पाण्यातून प्रवाशांना हात धरून पलीकडे नेलंत, हे त्या दिवशी पहिल्यांदा तुमच्या तोंडून ऐकलं. इतकी वर्षं शेजारी राहून माहीत नव्हतं.

खोली भोईवाड्याच्या अंगाला बघायची, हॉस्पिटलच्याच बाजूला, आंबेडकर रोड ओलांडावा लागू नये अशी. तुम्ही लगेच तुमच्या जुन्या सोबत्याला फोन लावलात. त्यांच्या ओळखीच्या एक काकू पेशंटच्या नातेवाइकांना खोली भाड्याने देत होत्या. दहा बाय दहाची, पहिल्या मजल्यावर, पण गॅस वापरायला मोकळीक. ही गॅसची गोष्टही तुम्हीच फोनवर विचारलीत. आईला गिळता येत नव्हतं. हॉटेलचं जेवण तिच्या काय कामाचं? तिला दिवसातून चार वेळा तांदळाची पेज लागायची, मिठाची कणी टाकलेली, पातळ. ज्या लॉजमध्ये साधा गरम पाण्याचा थर्मास भरून मिळायला पंधरा मिनिटं लागायची, तिथं मी तिला काय खायला घालणार होते?

८ जुलै २०२४, सोमवार. मध्यरात्रीनंतर काही तासांत काही भागांत तीनशे मिलिमीटरच्या वर पाऊस झाला. सकाळी टीव्हीवर रुळांवरचं पाणी दाखवत होते, लोकल खोळंबलेल्या, शाळांना सुट्टी. आईच्या स्कॅनची वेळ नऊची होती. ही तारीख चुकली तर पुन्हा कधी मिळेल याचा भरवसा नव्हता. मी तिला रेनकोट घातला, साडी पिंडरीपर्यंत वर खोचली आणि आम्ही चालत निघालो. पाणी पायाच्या घोट्यापर्यंत होतं, त्याच्या वर नाही. वाटेत ती दोनदा थांबली. पावणेनऊला आम्ही आत होतो. बाहेर बाकांवर जागा रिकाम्या होत्या. वसई, कल्याणहून येणारे कितीतरी लोक पोचलेच नव्हते. आई हळूच म्हणाली, "मामांना फोन कर, सांग पोचलो म्हणून." त्या दिवसांत तिचा एक शब्द बाहेर पडायला किती कष्ट पडत होते, ते तुम्हाला माहीत आहे.

भावाची सोय तुम्ही वेगळी केलीत, आणि त्याबद्दल तो स्वतः काही लिहिणार नाही म्हणून मीच लिहिते. लालबागच्या चाळीत तुमच्या मूळ गावची, खानापूरकडची, गावकऱ्यांची खोली अजून आहे. बायकांना तिथं राहता येत नाही, पण गावाकडून आलेल्या पुरुषमाणसाला वर्गणी भरून पाठ टेकायला मिळते. भिंतीला ओळीने खिळे, प्रत्येक खिळ्याला एकेकाची पिशवी, खाली ट्रंका. भाऊ सांगत होता, एका ट्रंकेवर पांढऱ्या रंगाने अजून गिरणीचं खातं लिहिलेलं आहे. तुमचे थोरले भाऊ त्याच खोलीत राहून गिरणीत जायचे, पहिली पाळी उठली की तिसऱ्या पाळीची माणसं त्याच जागेवर आडवी व्हायची. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि खोली हळूहळू रिकामी होत गेली. थोरले इकडे वडगावला येऊन मागावर बसले, तुम्ही बेस्टमध्ये होता म्हणून तिथं राहिलात. आपल्या भागातल्या किती घरांच्या चुली त्या खोल्यांवर पेटल्या असतील. भाऊ तिथं अठरा रात्री झोपला. लालबागहून हॉस्पिटलला चालत यायचा, येताना भाजी घेऊन.

पुढे थंडीतल्या खेपेला दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली. तिथं जायला हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागाकडून चिठ्ठी घ्यावी, पहिल्याच दिवशी त्या खिडकीवर जावं, आणि धर्मशाळा भरलेली असली तरी नाव लावून ठेवावं, हेही तुमचंच सांगणं. पाऊस नव्हता, हिंदमाताची भीती नव्हती, म्हणून दादर चाललं. त्याच दादरला जुलैत नको म्हणालात आणि डिसेंबरात खुशाल जा म्हणालात, तेव्हा मला तुमचा हिशोब पुरता कळला. तेव्हाही रात्रीची बस नको म्हणून चालुक्य एक्सप्रेसने गेलो. ती दादरलाच सोडते, आणि आईला आडवं पडून जाता आलं.

अजून एक. लोकलमध्ये दिव्यांगांसाठी वेगळा डबा असतो आणि कॅन्सरच्या पेशंटला त्यातून प्रवास करता येतो, हे तुम्ही सांगेपर्यंत आम्हाला ठाऊक नव्हतं. हॉस्पिटलचं कार्ड जवळ ठेवायचं, बस. हे वाचणाऱ्या कुणाच्या घरी असा पेशंट असेल तर हे एवढं जरूर लक्षात ठेवा. अंधेरीच्या त्या सकाळी आम्हाला हे माहीत असतं तर आई मुंबई सेंट्रलपर्यंत उभी गेली नसती.

मामा, आईला आता बरं आहे. भाकरी अजून जमत नाही, पण आमटीत कुस्करून भात खाते. परवा मागाच्या खोलीत जाऊन कांड्या भरत बसली होती, मी ओरडले तर हसली. तपासणीला जावं लागतं, पण आता तीन-तीन महिन्यांनी.

तुमचा तो कागद मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवलाय. घड्यांवर फाटला होता, मागून चिकटपट्टी लावली. आतापर्यंत तीन घरी फिरून आलाय: एकदा अनगोळला, एकदा येळ्ळूरला, आणि आमच्या शाळेतल्या एका बाईंनी त्याची झेरॉक्स काढून नंदगडला पाठवली. येळ्ळूरच्या माणसांचं काम जे. जे. हॉस्पिटलला होतं, परळला नाही. तरी त्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला, सकाळी किती वाजता कुठं पोचायचंय, आणि परळच्या नादी न लागता भायखळ्यात खोली घेतली.

त्या कागदावर एक गोष्ट नव्हती. ऑक्टोबर २०२५ पासून आरेहून कफ परेडपर्यंत भुयारी मेट्रो सगळी सुरू झालीय, ती मध्ये दादरलाही थांबते. मुलाने आणि मी मिळून ती रेघ तांबड्या पेनाने काढलीय. दादरचं मेट्रो स्टेशन रेल्वेच्या पश्चिमेला येतं, म्हणून तिथं बाण करून "पूल" असं लिहिलंय. रविवारी कागद घेऊन येते. चष्मा लावून एकदा बघा आणि चुकलं असेल तिथं तुमच्या पेनाने दुरुस्त करून द्या.

कुंदा आणणारच आहे. या खेपेला मामींना परत देऊ देऊ नका.

तुमची भाची,
वडगाव, बेळगाव