झटपट कोणाचे?

मा. संपादक,
स.न.

कालच्या पुरवणीतला घटस्फोटांवरचा लेख वाचला. लेखकमहाशय विद्वान आहेत, त्यांचा मान राखूनच लिहितो. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली राजीखुशीच्या फारकतीतली सहा महिने थांबण्याची मुदत माफ करण्याची मोकळीक दिली, आणि तेव्हापासून म्हणे कोर्टात संसार झटपट मोडू लागले. झटपट! हा शब्द मी घरात मोठ्याने वाचला तेव्हा लेक कापूस वेचणीला निघाली होती. ती नुसती हसली.

तिची खावटीची, म्हणजे पोटगीची, केस तालुक्याला आहे. अंतरिम खावटीचा अर्ज नोटीस लागल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा, असे कायद्यातच आहे. आमच्या वकीलसाहेबांनी ते पान उघडून दाखवले. पण नोटीस लागेल तेव्हा ना! समन्स घेऊन गेलेल्या शिपायाने तीनदा ‘घरी मिळून आला नाही’ असा शेरा मारून कागद परत आणला. त्याच आठवड्यात जावईबापू पोळ्याच्या तोरणाखाली बैलजोडी घेऊन उभे होते, अख्ख्या गावाने पाहिले.

सात महिन्यांनी नोटीस लागली. मग मिळकतीचे प्रतिज्ञापत्र आले, २०२० पासून दोन्ही बाजूंना ते द्यावेच लागते. शेती नाही, धंदा नाही, उत्पन्न निरंक. खरेच आहे. सातबारा वडिलांच्या नावावर, ट्रॅक्टर आईच्या. त्यांच्या नावावर फक्त माझी लेक होती.

तेव्हापासून १४ पेश्या झाल्या. मागचीच सांगतो. सकाळी साडेदहापासून व्हरांड्यात उभे. बाकावर धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणातले दोघे भाऊ एकाच डब्यातून जेवत होते (त्यांचे बरे चालले आहे). पुकारा झाला पावणेपाचला आणि दोन मिनिटांत पेशी वाढली, कारण समोरचे वकील बाहेरगावी. हेच वकीलसाहेब तीन वाजता गेटसमोर भजी खात होते, मला त्यांनी नमस्कारही केला. लेकीची त्या दिवसाची मजुरी बुडाली ती वेगळीच. नात आता घरी वाट्या ओळीने मांडते आणि एकेकीचा पुकारा करते.

समुपदेशनाने संसार जुळतात, असेही लेखात आहे. जुळत असतील, कौटुंबिक न्यायालये आहेत तिथे. १९८४ च्या कायद्याप्रमाणे दहा लाखांवरच्या शहरांना ती द्यावीच लागतात. बाकीच्यांना, सरकारला गरज वाटली तर. आमच्या तालुक्याची अजून वाटलेली नाही. इथे समुपदेशन अर्जनवीस करतात, अर्ज लिहिता लिहिता: ‘काका, समजून घ्या, पोरीला नांदायला पाठवून द्या.’

पाठवली होती. दोनदा मीच तिला परत सोडून आलो. ती चूक माझी, तिचा दोष कोर्टाला देत नाही. पण घाई झाली असे निदान आमच्या घराबद्दल लिहू नका.

जाता जाता. कोर्ट सुटते पाचनंतर आणि आमच्या गावची शेवटची एसटी साडेचारलाच निघून जाते. मग लेक, नात आणि मी काळीपिवळीत कोंबून घरी येतो. यावर दिवाळीआधी मी आपल्याला पत्र टाकले होते. ते आपण छापले नाही.

— एक शेतकरी वाचक, जि. यवतमाळ