शनिवारच्या सामन्याबद्दल

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

आजी-आजोबा शुक्रवारी रात्री तुझ्याकडे येतील आणि शनिवारी तू त्यांना वेस्ट पॉइंटला, अमेरिकी लष्कराच्या अकादमीत, घेऊन जाशील. एक गोष्ट आधी डोक्यात पक्की कर. अमेरिकन फुटबॉलचा सामना हे निमित्त आहे. ओजस तिथे पहिल्या वर्षाचा कॅडेट, तिथल्या भाषेत प्लीब. तो तुमच्या हाताशी येणार सामना संपल्यावर, आणि तोही दोन-तीन तासच. दिवसाची आखणी त्या वेळेपासून मागे मोजत कर. दुपारी चारला दोघंही दमून, उपाशी आणि थंडीने काकडलेले असले तर सकाळच्या संचलनाचा काही उपयोग नाही.

कागदपत्रं आधी. आजी-आजोबांचे मूळ पासपोर्ट तुझ्याजवळ ठेव. आधार कार्ड, फोनमधला फोटो, झेरॉक्स यातलं गेटवर काहीही चालत नाही. ही लष्करी छावणी आहे. तुझा गाडीचा परवाना ‘रियल आयडी’ (केंद्राच्या नियमांत बसणारा) नसेल तर तुझाही पासपोर्ट घे. परदेशी पाहुण्यांसाठीचे नियम अधूनमधून बदलतात, म्हणून त्या आठवड्यातल्या सूचना गुरुवारी अकादमीच्या साइटवर वाच. तिकिटं आणि पार्किंगचा पास फोनच्या वॉलेटमध्ये घरूनच उतरवून ठेव. डोंगरात, त्यात हजारो फोन एकाच वेळी चालू असताना, गेटपाशी पान उघडत नाही आणि मागच्या गाड्या हॉर्न वाजवत बसतात.

सामना बाराला आहे. त्याच्या साधारण तीन तास आधी ‘द प्लेन’ या मोठ्या मैदानावर कॅडेटांचं संचलन असतं. प्रत्येक सामन्याला असतंच असं नाही, पावसात रद्दही होतं, तेव्हा वेळापत्रक बघून घे. जर्सी सिटीहून सहाला निघा. पॅलिसेड्स पार्कवे थेट बेअर माउंटनच्या सर्कलपर्यंत जातो, तिथून ९डब्ल्यू रस्त्याने उत्तरेला, मग हायलँड फॉल्स गावातून थेअर गेट. ऑक्टोबरात पानांचे रंग बघायला निम्मं न्यूयॉर्क बेअर माउंटनला लोटतं, त्यामुळे नऊनंतर ते सर्कल तुंबतं. काही जण थ्रूवे महामार्गाने १६ नंबरच्या एक्झिटवरून येतात, पण तिथेच वुडबरी कॉमनची आउटलेट्स आहेत आणि शनिवारची गर्दी ठरलेली. तुझ्या पासच्या सूचनेत जे गेट दिलं असेल त्याच गेटने जा. भलत्या गेटवरून आत शिरलीस तर पूर्ण वळसा पडतो.

पार्किंग बफेलो सोल्जर फील्डवर मिळालं तर उत्तम. सपाट आहे, आणि स्टेडियमपर्यंत बस सोडतात. (१९०७ पासून कृष्णवर्णीय घोडदळाच्या तुकडीतले सैनिक इथे कॅडेटांना घोडेस्वारी शिकवत. त्यांचा पुतळा आजोबांना दाखव.) स्टेडियम टेकडीवर आहे, नदीकाठच्या मैदानापासून चढ चांगलाच. आजीच्या गुडघ्यांचा विचार करून दोन्ही वेळा बसच घ्या. ‘जवळच आहे’ असं कोणी सांगितलं तरी ऐकू नकोस.

संचलनात ओजसला ओळखणं अवघड. सगळे एकाच गणवेशात, एकाच उंचीचे वाटतात. सुमारे ४४०० कॅडेट, चार रेजिमेंट, प्रत्येकीत नऊ कंपन्या. त्याची कंपनी आणि ती कितवी येते, ओळीत तो कुठे असतो, हे शुक्रवारी त्यालाच विचारून ठेव. कंपनीच्या पुढे छोटा झेंडा असतो, त्यावरचं अक्षर बघत राहायचं. हाका मारायच्या नाहीत, दोरीच्या आत पाऊल टाकायचं नाही. निशाण समोरून जाताना उभं राहायचं. आजोबा खडकवासल्याच्या एनडीएशी तुलना करतील. करू देत. तिथे तीन वर्षं आणि तिन्ही दलं एकत्र, इथे चार वर्षं आणि फक्त लष्कर, एवढा फरक त्यांना सांग. शिवाय लष्कर-नौदल यांच्यातला पहिला सामना १८९० साली याच मैदानावर झाला आणि नौदलाने तो २४-० असा जिंकला, हेही सांग. त्यांना असे तपशील लागतात.

स्टेडियममध्ये पारदर्शक प्लास्टिकचीच पिशवी चालते, १२ × ६ × १२ इंचांपर्यंतची. आजीची शबनम गाडीत राहील. औषधं आणि चष्मा तुझ्या पारदर्शक पिशवीत घे. छत्रीच्या भानगडीत पडू नका, पावसाची चिन्हं असतील तर पोंचो. बाकांना पाठ नाही आणि नोव्हेंबर जवळ आला की बसल्या जागी थंडी चढते, त्यामुळे खाली घालायला जाड आसनं आणि एकावर एक कपडे. नदीचं वारं कानाला झोंबतं, कानटोपी विसरू नकोस. तिकिटं खालच्या रांगांची घेतली आहेत. पश्चिमेच्या वरच्या मजल्यावरून दिसतं सुंदर, पण पायऱ्या आजोबांच्या आवाक्यातल्या नाहीत.

अर्धा तास आधी जागेवर बसा. हवाई छत्रीधारी कॅडेट हेलिकॉप्टरमधून थेट मैदानात उतरतात (वारा जास्त असेल तर नाही), संघाचं मानचिन्ह असलेली खेचरं फिरवून आणतात. कॅडेटांचा विभाग सगळा सामना उभ्याने बघतो, म्हणून त्यांच्या मागे बसू नये, काहीच दिसत नाही. लष्कराने गुण मिळवले की लस्क तलावाच्या बाजूने तोफ उडते. आजोबांचं श्रवणयंत्र! लष्कर शेवटच्या दहा यार्डांत पोहोचलं की आवाज कमी करायला सांग. तोफ झाल्यावर नाही, आधी.

खेळ समजावताना फार खोलात जाऊ नकोस. चार प्रयत्नांत चेंडू दहा यार्ड पुढे नेला तर पुढचे चार प्रयत्न मिळतात, इतकं आजोबांना पुरे. लष्कराचा संघ चेंडू फेकण्यापेक्षा पळवतो जास्त. फेकलेला चेंडू कोणी झेलला नाही की घड्याळ थांबतं, पळणारा मैदानातच पडला तर चालू राहतं. म्हणून लष्कराचे सामने इतरांपेक्षा लवकर आटोपतात आणि एकेक चढाई आठ-आठ मिनिटं चालते. दुसऱ्या क्वार्टरची पाचेक मिनिटं उरली की आजीला स्वच्छतागृहात घेऊन जा. मध्यंतरात गेलात तर सगळं मध्यंतर रांगेत.

गर्दी टाळायला म्हणून लवकर निघू नका. शेवटी संघ कॅडेटांसमोर येऊन अकादमीचं गीत म्हणतो, सगळे टोपी काढून उभे राहतात, आणि ते होईपर्यंत ओजस सुटत नाही. लवकर खाली येऊन गाडीपाशी जेवणासाठी मांडलेल्या रिकाम्या टेबलाशी बसायचं, दुसरं काय? भेटायची जागा आधीच ठरवा: गाडीची रांग आणि नंबर सकाळी गाडी लावल्याबरोबर त्याला मेसेज कर. फोन लागेलच या भरवशावर राहू नकोस.

तो गणवेशात असेल. उजवा हात सलामासाठी मोकळा ठेवावा लागतो, त्यामुळे आजीची पिशवी त्याच्या उजव्या हातात देऊ नका. चालता चालता खायचं नाही, म्हणून आधी बसवा, मग वाढा. मिठी मारायला हरकत नाही, पण रस्त्यात वाकून नमस्काराचा आग्रह आजीने धरू नये, टेबलाशी आल्यावर करेल.

आता जेवण. उन्हाळी गणवेशाचा सदरा पांढरा असतो आणि हळदीचा डाग त्यावरून जात नाही. रस्सा, आमटी, लोणच्याचा खार काही नको. धपाटे चाळीस, शेंगदाण्याची कोरडी चटणी, तीळ घातलेल्या दशम्या, चिवडा, बेसनाचे लाडू. चाळीस जास्त वाटतील, पण तो एकटा येणार नाही. खोलीतला जोडीदार आणि आणखी दोघं येतील, आणि त्या वयाची मुलं उभ्या सामन्यानंतर काय खातात ते बघशीलच. सकाळी पाचला केलेला दहीभात चारला खाऊ नये. दुधाचं आणि ओल्या नारळाचंही तेच. बटाट्याची भाजी न्यायचीच असेल तर कूलरमध्ये बर्फावर थंड ठेव आणि थंडच वाढ. कोमट अवस्थेत दोन तासांवर राहिली की पोट बिघडतं, आणि या मुलांना सोमवारी आजारी पडून चालत नाही. चहाचा थर्मास आधी उकळत्या पाण्याने भरून दहा मिनिटं ठेव, मग चहा ओत. मोठे नॅपकिन न्या, मांडीवर आणि गळ्याशी दोन्हीकडे लागतात. खोलीवर न्यायला वेगळा डबा दे, त्यात तुकडा न पडणारं काहीतरी, शंकरपाळे चांगले.

पाचच्या सुमाराला बिगुल वाजेल आणि झेंडा उतरेल. जिथे असाल तिथे उभे राहा, त्या दिशेला तोंड करून. गाडी चालवत असलीस तर थांबव. ओजस बोलता बोलता अचानक ताठ उभा राहील, आजीला आधी सांगून ठेव, नाहीतर ती घाबरेल.

त्याला परत किती वाजता पोहोचायचं आहे ते भेटल्याबरोबर विचार आणि त्याच्या वीस मिनिटं आधी निरोप घ्यायला लागा. आजीचा निरोप तेवढा वेळ चालतोच.

तुझी
आई

ता. क. गेटवर गाडीची झडती घेऊ शकतात. फळं कापायची सुरी नेऊ नकोस, फळं घरून चिरून ने. न्यूयॉर्कमध्ये गांजा कायदेशीर झाला आहे, पण या छावणीत नाही, इथे केंद्राचा कायदा लागतो. गाडीत मैत्रिणींचं काही राहिलेलं नाही ना, ते आदल्या दिवशी बघ.